लिस्टमधली ओळ निवडताना टिक नेमकी कुठे लागते?

दिवसभर फोनवर आपण काय करतो ते एकदा नीट बघा. व्हॉट्सॲप उघडलं की चॅटच्या ओळी, जीमेल उघडलं की मेलच्या ओळी, फाइल्समध्ये पीडीएफच्या ओळी, यूपीआय ॲपमध्ये माणसांच्या ओळी. त्यातली एक किंवा चार ओळी निवडायच्या आणि पुढे काहीतरी करायचं: पाठवायचं, डिलीट करायचं, पैसे टाकायचे. काम इतकं साधं आहे की त्यावर लेख कशाला, असं वाटेल. मलाही वाटायचं. नंतर मी स्वतः एक ॲप बनवलं आणि त्यातल्या टिकेने माझ्या मामाला अडचणीत आणलं.

तो किस्सा आधी सांगतो, कारण बाकीचं सगळं त्यातूनच समजतं.

2019 ची गोष्ट. मी नांदेडला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो. मामाची लातूरच्या मार्केट यार्डात आडत आहे. सोयाबीनचा सीझन सुरू झाला की शेतकऱ्यांच्या पट्ट्यांचा ढीग लागतो. पट्टी म्हणजे माल विकल्यावर शेतकऱ्याला मिळणारा हिशोबाचा कागद: वजन, भाव, हमाली, तोलाई आणि हातात येणारी रक्कम. मी उत्साहाने मामाला एक अँड्रॉइड ॲप करून दिलं. मुनीम त्याच्या फोनवरून पट्टी टाकणार, ती मामाच्या फोनवर लिस्टमध्ये सगळ्यात वर दिसणार. पैसे देऊन झाले की मामाने त्या ओळी निवडायच्या आणि ‘पैसे दिले’ हे बटण दाबायचं. ओळ बाकीतून निघून जाणार.

एका दुपारी मामाने वरून दुसरी, तिसरी आणि पाचवी ओळ निवडली. तेवढ्यात मुनीमने एक नवी पट्टी टाकली. ती सगळ्यात वर येऊन बसली आणि बाकीच्या सगळ्या ओळी एकेक घर खाली सरकल्या. पण टिका सरकल्या नाहीत. त्या दुसऱ्या, तिसऱ्या आणि पाचव्या जागेवरच राहिल्या. मामाचा अंगठा तोवर बटणावर पोचला होता.

कागदावर मांडून बघा. आता दुसऱ्या जागेवर आधीची पहिली पट्टी होती, तिसऱ्या जागेवर आधीची दुसरी, पाचव्या जागेवर आधीची चौथी. म्हणजे तीनपैकी एकच टिक बरोबर पडली. दोन शेतकऱ्यांना पैसे न देताच दिल्याची नोंद झाली, आणि ज्या दोघांना खरंच पैसे दिले होते ते बाकीत तसेच राहिले. चौथ्या पट्टीची रक्कम होती 41 हजारांच्या आसपास. दुसऱ्या दिवशी सकाळी ते काका गादीसमोर उभे होते आणि मामा मला फोनवर विचारत होता, “अरे, तुझं ॲप ह्यांला पैसे दिल्याचं दाखवायलंय, आन् माणूस तर समोर उभाय. काय करू सांग.” मामाने जुन्या सवयीने वहीत रोजमेळ लिहून ठेवला होता म्हणून गाडी रुळावर आली. पैसे मिळालेल्या दोघांपैकी एकाला दुसऱ्यांदा पैसे निघणार होते, तर त्यानेच सांगितलं की मला कालच मिळाले.

चूक माझी होती. ॲपने निवड कशी लक्षात ठेवायची, याचा मी विचारच केला नव्हता.

जागा की ओळख?

लिस्टमधली निवड लक्षात ठेवायचे दोन मार्ग असतात. पहिला मार्ग म्हणजे जागा: ‘वरून तिसरी ओळ निवडलेली आहे’. दुसरा मार्ग म्हणजे ओळख: ‘पट्टी क्रमांक 1187 निवडलेली आहे’. पहिला मार्ग लिहायला सोपा, म्हणून नवशिक्या डेव्हलपरचा हात तिकडेच जातो. आणि लिस्ट स्थिर असेपर्यंत तो चालतोही. लिस्ट हलली की बोंब. नवीन मेसेज आला, क्रम बदलला, वरची एखादी ओळ उडाली, सर्चमध्ये काही टाइप केलं, यातल्या कशानेही जागा बदलतात.

ओळख धरून ठेवली तर ओळ कुठेही जाऊ दे, टिक तिच्याबरोबर जाते. व्हॉट्सॲपमध्ये हे करून बघा. एखादं चॅट दाबून धरून निवडा आणि मित्राला दुसऱ्या चॅटमध्ये मेसेज टाकायला सांगा. ते दुसरं चॅट उडी मारून वर येईल, पण टिक तुमच्याच चॅटवर राहील.

मेसची थाळी न धुता दिली तर

दुसरा एक प्रकार तुम्ही कधी ना कधी बघितला असेल. एक ओळ निवडली, खाली स्क्रोल केलं, तर खाली न निवडलेल्या ओळीवरही टिक! आणखी खाली गेलं की पुन्हा एक. वर येऊन बघावं तर मूळ ओळीवरची टिकच गायब. फोनला भूत लागलेलं नसतं, कारण वेगळं आहे.

लिस्टमध्ये हजार ओळी असल्या तरी फोन हजार ओळी बनवत नाही. स्क्रीनवर मावतील तेवढ्या, म्हणजे दहा-बारा, आणि वर-खाली एखाद-दुसरी जास्तीची, एवढ्याच बनवतो. वरची ओळ स्क्रीनबाहेर गेली की तीच उचलून खाली आणतो आणि तिच्यात नवं नाव, नवा फोटो भरतो. आयफोनमध्ये यूआयटेबलव्ह्यू हेच करतो, अँड्रॉइडमध्ये आधी लिस्टव्ह्यू करायचा, आणि 2014 पासून रिसायकलरव्ह्यू करतो. त्याच्या नावातच रिसायकल आहे. यामुळे कमी रॅमच्या फोनवरही लांबलचक लिस्ट सरसर पळते.

लातूरला बारावीच्या क्लाससाठी राहिलेल्यांना हे लगेच कळेल. मेसमध्ये पोरं तीनशे, थाळ्या चाळीस. एक पंगत उठली की त्याच थाळ्या धुऊन पुढच्यांना. आता घाईत एखादी थाळी न धुताच पुढे गेली तर? नव्या पोराच्या थाळीत जुन्याची चटणी. ॲपमध्येही तसंच. ओळ पुन्हा वापरताना डेव्हलपरने नाव बदललं, फोटो बदलला, पण टिक पुसली नाही. जुनी टिक नव्या नावावर चिकटून आली. उपाय एकच: ओळ भरताना दरवेळी ‘ही निवडलेली आहे का’ हे मूळ यादीला विचारायचं, आणि नसेल तर टिक काढून टाकायची. टिक लावायला सगळे लक्षात ठेवतात, काढायला विसरतात.

या दोन्ही चुकांत एक फरक आहे, तो ध्यानात घ्या. थाळीवाली चूक बहुतेक वेळा नुसती दिसण्याची असते. टिक चुकीची दिसते, पण आतली यादी बरोबर असू शकते. जागेवाली चूक उलटी आहे: दिसायला काहीच बिघडलेलं नसतं आणि आत मात्र भलतीच ओळ धरलेली असते. दुसरी जास्त वाईट.

दाबून धरणं, गोल टिक, चौकोनी टिक

वापरणाऱ्याच्या बाजूने बघू. एका ओळीवर टॅप केलं की ती उघडते. दाबून धरली की ती निवडली जाते आणि वरची पट्टी बदलते: डावीकडे आकडा, उजवीकडे डिलीट, शेअर वगैरेची चिन्हं. याला सिलेक्शन मोड म्हणतात. अँड्रॉइडमध्ये ही वरची बदलणारी पट्टी 2011 च्या हनीकोंबपासून आहे. एकदा या मोडमध्ये गेलात की पुढच्या ओळींवर नुसतं टॅप करायचं, दाबून धरायची गरज नाही. बाहेर यायचं असेल तर एकदा बॅक. बरेच जण घाबरून पूर्ण ॲपच बंद करतात. गरज नाही, चांगल्या ॲपमध्ये पहिला बॅक फक्त निवड रद्द करतो.

काही खुबी बऱ्याच जणांना माहीत नसतात. अँड्रॉइडच्या जीमेलमध्ये मेलच्या डावीकडच्या गोल फोटोवर टॅप केलं की ओळ लगेच निवडली जाते. गुगल फोटोजमध्ये एक फोटो दाबून धरा आणि बोट न उचलता पुढे ओढत न्या, मधले सगळे निवडले जातात. लग्नाचे चारशे फोटो एकेक करून निवडणाऱ्या मावशीला हे दाखवा, दुवा देईल. आयफोनवर 2019 च्या आयओएस 13 पासून मेल किंवा मेसेजच्या लिस्टवर दोन बोटं ठेवून खाली ओढली की ओळी भराभर निवडल्या जातात.

टिकेचा आकारही काही सांगतो. फॉर्ममध्ये साधारणपणे गोल बटण असेल तर एकच निवडता येतं, दुसरं निवडलं की पहिलं सुटतं. चौकोन असेल तर कितीही. पण आयफोनच्या लिस्टमध्ये अनेक ओळी निवडतानाही टिक गोलच असते, त्यामुळे यावर डोळे झाकून विसंबू नका.

बोट चुकून शेजारच्या ओळीवर पडण्याचं काय? गुगल डेव्हलपरना सांगतं की दाबायची जागा किमान 48 डीपी ठेवा, म्हणजे साधारण 9 मिलिमीटर. ॲपल 44 पॉइंट सांगतं. कितीतरी ॲप एका स्क्रीनवर जास्त ओळी कोंबायच्या नादात हे पाळत नाहीत. शेतात घामेजल्या बोटाने फोन वापरणाऱ्याला विचारा मग.

‘सगळे निवडा’ म्हणजे किती?

या बटणाइतकं फसवं बटण नाही. ‘सगळे’ म्हणजे स्क्रीनवर दिसणारे? आतापर्यंत लोड झालेले? सर्चमध्ये उरलेले? की खरोखर सगळे? कॉम्प्युटरवर जीमेल उघडून वरच्या चौकोनात टिक करा. एका पानावर 50 मेल असतील तर तेवढेच 50 निवडले जातात, आणि मग वर एक ओळ येते की बाकीचेही निवडायचे का. हे प्रामाणिक वागणं झालं. सगळी ॲप असं विचारत नाहीत.

सर्चचा घोळ याहून मोठा. समजा कॉन्टॅक्टच्या लिस्टमध्ये तुम्ही पाच जण निवडले. मग सर्चमध्ये ‘देगलूर’ टाइप केलं. आता पाचपैकी दोघंच दिसतात. इथे डिलीट दाबलं तर दोन जातील की पाच? उत्तर ॲपगणिक बदलतं. म्हणून दाबण्याआधी वरचा आकडा वाचायचा. स्क्रीनवर दोन टिका आणि वर आकडा 5, तर तिघं पडद्यामागे उभे आहेत. मी आता कुठलंही ॲप असू दे, आधी आकडा बघतो आणि मग बटण.

निवडीवर मर्यादा घालणं

कधी कधी जास्त ओळी निवडूच न देणं हेच डिझाइन असतं. व्हॉट्सॲपवर मेसेज फॉरवर्ड करताना पाचपेक्षा जास्त चॅट निवडायला गेलं तर ॲप अडवतं. ही मर्यादा का आली, हे महाराष्ट्रातल्या पोरांना माहीत असायला हवं. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा इथे मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार मारलं. ते भिक्षा मागून जगणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते. त्या वर्षी देशात अशा अफवा व्हॉट्सॲपवरून पसरत होत्या आणि ठिकठिकाणी माणसं मारली जात होती. त्याच जुलैमध्ये व्हॉट्सॲपने भारतात फॉरवर्डसाठी पाच चॅटची मर्यादा आणायला सुरुवात केली, आणि जानेवारी 2019 मध्ये ती जगभर लागू झाली. एप्रिल 2020 पासून, खूप वेळा फिरलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो. लिस्टमधल्या किती ओळी निवडू द्यायच्या, एवढाच तो बदल होता.

एकाच नावाच्या ओळी

आपल्याकडची खास अडचण वेगळीच आहे. एका गावात एकाच नावाची चार माणसं असतात, आडनावासकट. राज्य सरकारचं ई-पीक पाहणी ॲप 15 ऑगस्ट 2021 पासून आहे. शेतकऱ्याने स्वतः आपल्या शेतातल्या पिकाची नोंद सातबाऱ्यावर करायची, फोटोसकट. त्यात विभाग, जिल्हा, तालुका, गाव निवडत जायचं आणि मग नावावरून, खाते क्रमांकावरून किंवा गट क्रमांकावरून खातेदार शोधायचा. आमच्या गावातली बरीच पोरं घरच्यांची नोंद स्वतःच्या फोनवरून करून देतात आणि नावावरून शोधतात. समोर तीन सारख्या ओळी येतात. माझा सल्ला, गट क्रमांकावरून शोधा. नाव सारखं असू शकतं, तुमच्या शेताचा गट चुलत्याच्या शेताला नसतो (सामायिक खातं असेल तर वेगळी गोष्ट). मी वर ‘जागा की ओळख’ म्हणालो ते इथे माणसालाच करायचं आहे. आणि चुकलंच, तर 2022 मधल्या दुसऱ्या आवृत्तीत 48 तासांच्या आत स्वतः एकदा दुरुस्ती करायची सोय आली. सोयाबीनच्या जागी तूर लागली असेल तर तलाठ्याकडे धावण्याआधी तेवढं तपासा.

प्रवेशाच्या फॉर्ममध्येही असंच. ‘शासकीय तंत्रनिकेतन’ने सुरू होणाऱ्या ओळी एकाखाली एक, आणि छोट्या स्क्रीनवर गावाचं नाव कापलं जातं. नांदेड कुठलं, लातूर कुठलं, काही कळत नाही. फोन आडवा करा, नाहीतर कॉलेजचा कोड बघा. तिथे शिवाय ओळींचा क्रमच पसंती असतो, म्हणजे ओळ बरोबर पण जागा चुकली तरी नुकसान. इथे मात्र जागेलाच अर्थ आहे, हा अपवाद.

यूपीआयमध्ये तर थेट पैसे. कॉन्टॅक्टमध्ये ‘दत्ता भाऊ’ तीन असतील तर ओळीवर टॅप केल्यानंतर बँकेत नोंदवलेलं नाव दिसतं, ते वाचल्याशिवाय पिन टाकू नका. इथे पूर्ववत करायचं बटण नसतं.

चुकून डिलीट झालं तर किती वेळ हातात आहे

जीमेलमध्ये खाली काही सेकंद ‘पूर्ववत करा’ दिसतं. ते निसटलं तरी मेल 30 दिवस ट्रॅशमध्ये असतो. गुगल फोटोजमध्ये बॅकअप घेतलेला फोटो 60 दिवस ट्रॅशमध्ये राहतो, बॅकअप नसलेला 30 दिवस. आयफोनच्या फोटोंसाठीही 30 दिवस. व्हॉट्सॲपवर सगळ्यांसाठी डिलीट करण्याऐवजी चुकून फक्त स्वतःसाठी डिलीट केलं, तर ते परत आणायला पाच सेकंद मिळतात. ही सोय डिसेंबर 2022 मध्ये आली. पाच सेकंद कमी वाटतात, पण चूक झाल्याचं आपल्याला पहिल्याच सेकंदाला कळलेलं असतं.

स्वतः तपासून बघायचं असेल तर

नवीन ॲप घेतलं, विशेषतः हिशोबाचं किंवा उधारीचं, तर मी पाच मिनिटं हे करतो. दोन ओळी निवडतो, पार तळापर्यंत स्क्रोल करतो, परत वर येतो. टिका त्याच ओळींवर आहेत का बघतो. मग फोन आडवा-उभा करतो. मग दुसऱ्या ॲपमध्ये जाऊन येतो. 3 जीबी रॅमच्या फोनवर कॅमेरा उघडला की मागचं ॲप फोन स्वतःच बंद करतो, आणि डेव्हलपरने निवड साठवून ठेवली नसेल तर परत आल्यावर ती गेलेली असते. गेली तर त्रास आहे, पण धोका नाही. भलत्या ओळीवर गेली तर मात्र ते ॲप मी वापरत नाही. शेवटी क्रम बदलून बघतो, नावाप्रमाणे, तारखेप्रमाणे. टिक ओळीबरोबर गेली पाहिजे.

तुमच्यापैकी कोणी ॲप बनवायला शिकत असेल तर त्याच्यासाठी: हे सगळं हाताने लिहीत बसू नका. अँड्रॉइडमध्ये 2018 पासून रिसायकलरव्ह्यू सिलेक्शन नावाची तयार लायब्ररी आहे. ती प्रत्येक ओळीसाठी एक किल्ली मागते. तिथे ओळीचा नंबर देऊ नका, डेटाबेसमधला आयडी द्या. मी मामाच्या ॲपमध्ये नंतर तेच केलं, आणि दोन गोष्टी वाढवल्या. ओळी निवडलेल्या असताना नवी पट्टी आली तर ती लगेच लिस्टमध्ये घुसत नाही, वर ‘1 नवीन पट्टी’ असं दिसतं आणि मोड संपल्यावर आत येते. आणि ‘पैसे दिले’ दाबलं की निवडलेली नावं आणि एकूण रक्कम समोर येते, मगच होकार. मामाला पहिले काही दिवस ही दुसरी पायरी कटकट वाटली. “दोनदा काय विचारायलंय हे?” म्हणायचा. आता तो रक्कम मोठ्याने वाचतो, मुनीम वहीत बघून “हो” म्हणतो, आणि मग बटण दाबलं जातं.

एखाद्या ॲपमध्ये टिका भरकटताना दिसल्या तर प्ले स्टोअरवर नुसतं ‘बेकार ॲप’ लिहून एक स्टार देऊ नका. किती ओळी निवडल्या, मग काय केलं (स्क्रोल, सर्च, क्रम बदलला), आणि टिक कुठल्या ओळीवरून कुठल्या ओळीवर गेली, एवढं तीन वाक्यांत लिहा. शक्य असेल तर स्क्रीन रेकॉर्डिंग करून डेव्हलपरच्या ईमेलवर पाठवा, तो पत्ता ॲपच्या पानावरच खाली असतो. मला मामाने फोन केला तेव्हा “तुझं ॲप बिघडलं” एवढंच कळलं असतं तर ती चूक शोधायला आठवडा गेला असता. “मधीच एक नवी पट्टी आली होती बघ,” हे तो सहज बोलून गेला, आणि त्यावरूनच मला त्या रात्री दोषाची ओळ सापडली.